पीएचडीचं प्रेझेंटेशन रद्द झालेलं नाही, माझीच चूक

परवा रात्री ग्रुपवर मीच टाकलं होतं की यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) पीएचडीचे सेमिनार आणि प्रेझेंटेशन बंद केलंय, आता थेट थिसिस जमा करायचा. ते चुकीचं आहे, सॉरी. मी फक्त हेडिंग वाचून पुढे ढकललं, आज नोव्हेंबर २०२२ चे नियम नीट वाचले तेव्हा घोळ कळला.

रद्द झालंय ते एवढंच, की २०१६ च्या नियमात थिसिसआधी जर्नलमध्ये एक पेपर आणि कॉन्फरन्समध्ये दोन प्रेझेंटेशन सक्तीची होती, ती यूजीसीची सक्ती गेली. पण दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रेझेंटेशन द्यायला उभं राहायचंच आहे, आणि थिसिस देण्याआधीचं प्रेझेंटेशनही आहेच, तिथे डिपार्टमेंटमधले सर, मॅडम, बाकीचे स्कॉलर, विद्यार्थी कोणीही बसू शकतात (आणि खरे अवघड प्रश्न तिथेच येतात). मग गाइड आणि सोबत बाहेरचे किमान दोन परीक्षक थिसिस तपासतात आणि व्हायव्हा (तोंडी परीक्षा) होतो, तो हवा तर ऑनलाइनही घेता येतो.

पेपरची अट विद्यापीठ स्वतःची ठेवू शकतं, त्यामुळे आपापल्या विद्यापीठाचं ऑर्डिनन्स (नियमावली) बघाच.

माझा जुना मेसेज कोणी पुढे पाठवला असेल तर प्लीज डिलीट करा, आणि तिथे हा टाका.