‘आधी पहिला प्रोसेसर भरा’ म्हणे!

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये तो असणार. ‘दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये रॅम टाकण्याचे पाच सोपे नियम’. ते असे: आधी पहिल्या प्रोसेसरचे सगळे स्लॉट भरा, उरलं तर दुसऱ्याकडे वळा. जितके स्लॉट भरतील तितका स्पीड वाढतो. खाच जुळली की कुठलीही रॅम चालते. ईसीसी (मेमरीतली चूक ओळखून सुधारणारी रॅम) म्हणजे महाग विकायची युक्ती. आणि रॅम दिसत नसेल तर खोडरबर मारा. शेवटी बारीक अक्षरात ‘काम करताना दोन्ही पॉवर कॉर्ड काढा’.

पहिल्या नियमाने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून तो नीट बघू. तो आला कुठून याचा मला अंदाज आहे. जुन्या इंटेल झिऑन मशीनमध्ये मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमची ये-जा सांभाळणारा भाग, प्रोसेसरच्या पोटात नव्हताच, बोर्डावरच्या चिपसेटमध्ये होता. दोन्ही प्रोसेसर एकाच विहिरीवर पाणी भरायचे, मग रॅम कुणाच्या बाजूला हा प्रश्नच नव्हता. एएमडीने २००३ साली ऑप्टेरॉनमध्ये कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००९ मध्ये झिऑन ५५०० पासून. तेव्हापासून ज्याची विहीर त्याच्या परसात. शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणता येतं, पण गडगा ओलांडून. दोन प्रोसेसरमधल्या लिंकवरून जाऊन यायला मशीनप्रमाणे दीडपटीच्या आसपास वेळ लागतो.

मालवण तालुक्यातल्या एका पतसंस्थेत हे डोळ्यांनी पाहिलं. तक्रार एकच, संध्याकाळचं डे-एंड (दिवसाचे व्यवहार बंद करायचं काम) रडतंय. झाकण उघडलं तर एकूण २४ स्लॉट, १६ जीबीच्या रॅमच्या आठ स्टिक (पट्ट्या), आणि आठही पहिल्या प्रोसेसरच्या दोन्ही कडांना दाटीवाटीने बसलेल्या. दुसऱ्याच्या बाजूला नुसते प्लास्टिकचे डमी. स्क्रीनवर मात्र १२८ जीबी व्यवस्थित दिसत होती, त्यामुळे कुणाला संशय येण्याचं कारणच नव्हतं. लिनक्सवर ‘numactl --hardware’ ही कमांड दिली, ती कुठल्या प्रोसेसरकडे किती मेमरी आहे ते दाखवते. नोड शून्यच्या (पहिल्या प्रोसेसरच्या) नावावर सगळी मेमरी, नोड एकपुढे (दुसऱ्यापुढे) साइज शून्य. खालच्या तक्त्यात स्वतःच्या मेमरीचं अंतर १० आणि पलीकडच्या मेमरीचं २१. (हे आकडे बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, सांगतं, घड्याळ लावून मोजलेले नसतात; पण रोख कळतो.)

आता हिशोब करा. त्या प्रोसेसरला प्रत्येकी चार चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या चार वाटा, होते. २४०० वेगाच्या डीडीआर४ (रॅमची एक पिढी) चा एक चॅनेल सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी देतो, चार मिळून ७६.८. आठ स्टिक एकाच बाजूला भरल्या तरी चॅनेल चारच, म्हणजे त्या ७६.८ वर दोन्ही प्रोसेसर तुटून पडणार, आणि त्यातला दुसरा गडगा ओलांडत. त्याच आठ स्टिक चार-चार वाटल्या की प्रत्येकाला आपले ७६.८. एक रुपया खर्च नाही. मी चार स्टिक पलीकडे नेल्या, एका चॅनेलला एक. झाकण लावून मशीन सुरू करेपर्यंत मॅनेजरांचा चहा निवला नव्हता.

पहिला नियम एकाच ठिकाणी बरोबर ठरतो, दुसऱ्या सॉकेटमध्ये प्रोसेसरच नसेल तेव्हा. त्या बाजूचे स्लॉट तेव्हा मेलेलेच असतात.

दुसरा नियम अर्धा खरा आहे. रिकामे चॅनेल भरले की वेग वाढतो, हे वर आलंच. पण प्रत्येक चॅनेलमध्ये एक स्टिक बसली की पुढे फक्त जागा वाढते. त्याच पिढीच्या मशीनमध्ये चॅनेलला तिसरी स्टिक लावल्यावर २४०० ची रॅम १८६६ वर उतरलेली मी पाहिली आहे. रॅम कमी पडून डेटाबेस डिस्कवर स्वॅप करत (मेमरीतला माल डिस्कवर ठेवत) असेल तर तोही सौदा परवडतो, फक्त जाणूनबुजून करा. आणखी एक खोड म्हणजे गोल आकड्यांचा मोह. २०१७ च्या झिऑन स्केलेबलला प्रत्येकी सहा चॅनेल आहेत. तिथे दोन प्रोसेसरना मिळून १६ च्या बारा स्टिक म्हणजे १९२ जीबी नेटकी बसते. गिऱ्हाईक १२८ किंवा २५६ च मागतं, कारण तो आकडा कानाला ओळखीचा.

तिसऱ्या नियमाबद्दल काय बोलावं! शेजारच्या तालुक्यातल्या एका दुकानदाराचा फोन आला होता, ‘दादा, खाच जुळली, लॅच बसलो, पण मशीन चालूच होना नाय.’ त्याने डेस्कटॉपची डीडीआर४ लावली होती. खाच जुळणारच, २८८ पिना दोन्हीकडे सारख्याच. पण त्या सर्व्हरला रजिस्टर्ड रॅम लागते, तिच्या मध्यभागी एक जादा चिप असते. स्टिकरवर ‘पीसी४-२४००टी’ नंतरच्या डॅशपुढचं इंग्रजी अक्षर बघा: ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘एल’ म्हणजे लोड-रिड्यूस्ड, ‘यू’ म्हणजे साधी. या तीन जाती एका मशीनमध्ये एकत्र नांदत नाहीत. डीडीआर५ मध्ये रजिस्टर्ड आणि साध्या रॅमच्या खाचाच वेगळ्या केल्या आहेत, त्यामुळे तिथे निदान हा गोंधळ संपला.

ईसीसीला युक्ती म्हणणाऱ्याने पतसंस्थेचं खातं डोळ्यांपुढे आणावं. शिल्लक ५,०००. मेमरीतला एकच बिट उलटला, तोही नेमका १६,३८४ च्या घरातला, की शिल्लक २१,३८४. डीडीआर४ ची ईसीसी रॅम ६४ बिटांना आठ जादा बिट जोडते, एक बिट चुकला तर स्वतः सुधारते, दोन चुकले तर निदान बोंब मारते. गुगलच्या सर्व्हरवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चूक आढळली होती. हे दुर्मीळ म्हणता येणार नाही.

राहिलं खोडरबर. घाटावर एखाद्या वेळी खपून जाईल, इथे नाही. रॅमच्या कडेचा सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. रबराने तो घासला जातो, खालचं निकेल उघडं पडतं आणि मग आपली खारी हवा आपलं काम करते. मशीन त्या दिवशी चालू होतं, म्हणून लोकांना वाटतं उपाय लागू पडला. दोन पावसाळ्यांनी तीच स्टिक पुन्हा दिसेनाशी होते, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला असेल तर शेजारचीही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं फडकं घ्या. हलक्या हाताने एकदा पुसा, वाळू द्या, मग स्टिक परत लावा.

ती शेवटची बारीक अक्षरातली ओळ मात्र शंभर टक्के बरोबर आहे. दोन्ही कॉर्ड काढा, बोर्डावरचा दिवा विझेपर्यंत थांबा, आणि झाकण उघडलंच आहे तर त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या नकाशाचा फोटो काढून ठेवा. कुठला स्लॉट आधी भरायचा ते कंपनीने तिथे छापलेलं असतं.