समाधान विचारताना पासबुक कुठे आहे तेही विचारा

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे सहकार वर्ष जाहीर केलं, त्या निमित्ताने कागल तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत महिला सभासदांची बैठक झाली. "समाधानी आहात का?" असं विचारल्यावर सगळ्यांनी हात वर केले. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर दादा आणि काका म्हणताहेत, बायका खूश आहेत, मग संचालक मंडळात आणखी जागा कशाला मागायच्या?

मी वहिनीला फोन केला. "वन्सं, दर दहा दिवसाला बिल येतंय, दिवाळीला दुधाच्या दराचा फरक मिळतोय. नाही कसं म्हनू?" ती खरंच बोलत होती. उसाचं बिल कधी येईल सांगता येत नाही, दुधाचं येतं, आणि त्यावर किराणा, शाळेची फी चालते. मग मी विचारलं, पासबुक कुठे आहे? ते दादाच्या कपाटात. सभासद ती, पहाटे पाचला म्हशीखाली बसते ती, फॅट कमी लागली की बोलणीही तिनेच खायची. वार्षिक सभेला मात्र दादा जातो.

मी न्यूझीलंडला हॅमिल्टनजवळ राहते, दुग्धशेतकऱ्यांचे हिशेब करते. इथली फोन्टेरा ही शेतकऱ्यांच्याच मालकीची मोठी सहकारी संस्था, २००१ साली उभी राहिली. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी फायलींवर नवरा-बायको दोघांची नावं असतात. शेअरमिल्कर म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर बहुधा स्वतःचा कळप घेऊन दूध काढणारा वाटेकरी. तो करारही अनेकदा जोडप्याचा असतो. बँकेसमोर दोघं बसतात, आणि आकडे बहुधा तीच सांगते. संसार मोडला तर संसाराची मिळकत साधारण निम्मी-निम्मी, असा कायदा इथे १९७६ पासून आहे. मिळकत फॅमिली ट्रस्टच्या नावावर करून त्याला बगल देणारेही आहेत, तेही मी पाहिलंय.

पण इथलं सगळंच उचलून न्यावं असं मी म्हणणार नाही. फोन्टेरात मतं दुधाच्या प्रमाणात मिळतात. ज्याचा कळप मोठा, त्याची मतं जास्त. आपल्याकडे गावच्या संस्थेत एक सभासद, एक मत. दोन म्हशींच्या बाईचं मत वीस म्हशींच्या पाटलाएवढंच. हे फार मोलाचं आहे, आणि ते आपण वापरतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे गोकुळसारख्या जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत तर अख्ख्या संस्थेचं मत एकच, संस्थेच्या ठरावावर प्रतिनिधी म्हणून ज्याचं नाव आहे त्याचं. गावोगाव त्या ठरावांवर किती बायकांची नावं लागतात? महिलांसाठी मंडळात दोन जागा राखीव आहेत, पण त्यांवर अनेकदा पुढाऱ्यांच्या घरातल्याच बायका बसतात.

पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीत तर दारच सातबाऱ्याचं, जमीन नावावर असेल तरच सभासद. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. आमच्या घरात ते झालं नाही. आईचं नाव सातबाऱ्यावर आलं ते आबा गेल्यावर, वारस म्हणून.

म्हणून दादाला मी ग्रुपवरच लिहिलं. बिल वहिनीच्या स्वतःच्या खात्यावर जाऊ दे, एटीएम कार्ड तिच्याकडे राहू दे, आणि येत्या वार्षिक सभेला ती जाईल, त्या दिवशी धारा तू काढ. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. वहिनीने मात्र विचारलंय, सभेची नोटीस कुणाच्या नावानं येते?