‘चित्रं दिली की मूल मुकंच राहतं’: एका फॉरवर्डची उलटतपासणी

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या पालकांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सांगणं तेच राहतं: “मुलाच्या हातात चित्रांची कार्डं किंवा बोलणारा टॅब देऊ नका, ते आळशी होतं आणि कायमचं मुकं राहतं. हवी ती वस्तू लपवून ठेवा, नाव घेतल्याशिवाय देऊ नका. आधी डोळ्यांत बघायला लावा, मगच बोला. ऐकलेली वाक्यं पोपटासारखी म्हणत असेल तर लगेच गप्प करा. पाच वर्षांपर्यंत बोललं नाही तर पुढे बोलणार नाही.”

यात पाच विधानं आहेत. त्यांतली चार सरळ चुकीची आहेत आणि एक अर्धवट खरं आहे. घराघरात सगळ्यात जास्त नुकसान त्या अर्धवट खऱ्यानेच होतं.

“चित्रं दिली की मूल आळशी होतं”

एक शब्द उच्चारायला श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांचा मेळ अचूक वेळेत जमावा लागतो. त्याच्याही आधी, आपल्या मनातलं समोरच्या माणसापर्यंत पोचवता येतं आणि पोचवलं की काहीतरी घडतं, हे मुळात उमगावं लागतं. बऱ्याच स्वमग्न मुलांचं अडतं ते इथे. चित्र नेमकं हेच शिकवतं: कार्ड हातात दिलं, वस्तू मिळाली. पुढे शब्द जमू लागला की मूल कार्ड शोधत बसत नाही, कारण शब्द जास्त जलद असतो आणि तो कुठे विसरूनही येत नाही.

हा नुसता तर्क नाही. मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी २००६ साली पर्यायी संवादसाधनांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात विकासात्मक अक्षमता असलेल्या २७ जणांची माहिती भरवशाची निघाली. चित्रं किंवा खुणा वापरू लागल्यावर त्यांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही. ८९ टक्के जणांचं वाढलं, ११ टक्क्यांचं होतं तसंच राहिलं. वाढ बहुतेकांत माफक होती, त्यामुळे ‘कार्डं आणा, मूल बोलू लागेल’ अशी जाहिरात कुणी करत असेल तर तीही खोटी. पण ‘कार्डांमुळे बोलणं थांबतं’ याला आधारच सापडत नाही.

मग असं वाटतं का? कारण चित्रं दिली जातात ती न बोलणाऱ्या मुलांनाच. चष्मा लावणाऱ्या सगळ्यांची नजर कमजोर दिसते, म्हणून चष्म्याने नजर बिघडते म्हणण्यासारखंच हे.

घरी कार्डांची सुरुवात करताना दोन मोठी माणसं लागतात, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ साली मांडलेल्या ‘पेक्स’ या, चित्राचं कार्ड देऊन मागायला शिकवणाऱ्या सहा टप्प्यांच्या पद्धतीचा पहिला टप्पा असा: एक जण समोर बसतो आणि मुलाला मनापासून हवी असलेली वस्तू हातात धरतो, समजा साबणाच्या बुडबुड्यांची बाटली. मध्ये तिच्या चित्राचं एकच कार्ड. दुसरा मुलाच्या मागे बसतो, तोंडाने एक शब्दही बोलत नाही. मुलाने बाटलीकडे हात नेला की मागचा माणूस तो हात अलगद कार्डाकडे वळवतो आणि कार्ड समोरच्याच्या उघड्या तळव्यावर ठेववतो. समोरचा त्याच क्षणी “बुडबुडे!” म्हणतो आणि बुडबुडे उडवतो. “काय हवं?”, “कार्ड दे” असं कुणीच म्हणायचं नाही. म्हटलं की मूल विचारण्याची वाट बघायला शिकतं, आपणहून मागायला नाही. मागच्याने आपली मदत थोडी थोडी कमी करत न्यायची: आधी मनगट, मग कोपर, मग नुसता स्पर्श, मग काहीच नाही. एकाच माणसाने समोर बसून वस्तूही धरली आणि मुलाचा हातही धरला, तर मूल त्या हाताचीच वाट बघत बसतं.

बाकीच्या चुका साध्या असतात. कार्डं कपाटात आणि वस्तू बाहेर. “बॉल कुठाय? दाखव बरं” अशी चित्रांची परीक्षा. पोट भरल्यावर खाऊच्या कार्डाचा सराव. आणि फक्त वस्तूंची चित्रं. ‘परत’, ‘थांब’, ‘नको’, ‘मदत’, ‘झालं’ हे शब्द दिवसात कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त वेळा लागतात. ‘नको’चं कार्ड दिलं की निदान सुरुवातीला ते लगेच मान्य करायचं, नाहीतर मूल पुन्हा किंचाळण्याकडे वळतं, कारण किंचाळण्याला उत्तर मिळतं.

चित्र दाबलं की शब्द बोलून दाखवणारा टॅब असेल तर त्यात तयार अॅप आहे एवढ्यावर थांबू नका. दिवसभर बोलताना तुम्ही स्वतः त्यावरचे एकदोन शब्द दाबत राहा. “दार उघडू” म्हणताना ‘उघड’ दाबायचं, मुलाने दाबलंच पाहिजे अशी अट नाही. भाषा सगळी मुलं आधी बघून-ऐकूनच शिकतात. मूल एक चित्र वापरत असेल तर तुम्ही दोनांची जोडी दाखवा. पाचांची नको.

सावध राहायचंच असेल तर ते वेगळ्या गोष्टीबाबत. मोठ्या माणसाने मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरफलकावर वाक्यं टाइप करवून घेण्याची एक पद्धत आहे. १९९०च्या दशकातल्या चाचण्यांत हात धरणाऱ्याला आणि मुलाला वेगवेगळी चित्रं दाखवली, तेव्हा टाइप झालं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. पेक्समधली मदत काही दिवसांत काढून घेण्यासाठीच असते. जिथे ती कधीच निघत नाही, तिथे बोलणारा कोण हे विचारायला हवं.

“नाव घेतल्याशिवाय वस्तू देऊ नका”

हे ते अर्धवट खरं. मुलाने मागण्याआधीच सगळं हातात येत गेलं तर मागायचं कारण उरत नाही, हे बरोबर. म्हणून आवडीची खेळणी दिसतील पण हाती लागणार नाहीत अशा फळीवर किंवा घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवायची, कोडं देताना एक तुकडा आपल्याकडे ठेवायचा, झोका थांबवून परत द्यायच्या आधी थबकायचं. या युक्त्या थेरपिस्टही शिकवतात.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने यातून एकच गोष्ट काढून टाकली: मूल ज्या पायरीवर आहे तिथलं मागणं मान्य करणं. पायऱ्या साधारण अशा असतात: वस्तूकडे बघणं, हात लांबवणं, तुमचा हात धरून तिकडे नेणं, बोट दाखवणं, कार्ड देणं, एखादा आवाज, शब्दाचा तुकडा, शब्द. तुमचा हात ओढून नेणाऱ्या मुलाकडून थेट ‘पाणी’ या शब्दाची अपेक्षा करणं म्हणजे पाच पायऱ्या एकदम चढायला लावणं. मग ते रडतं, डोकं आपटतं, शेवटी कंटाळून आपण वस्तू देतो, आणि त्याला धडा मिळतो तो डोकं आपटण्याचा. काही मुलं दुसरी वाट धरतात. ती मागणंच सोडतात, आणि घरच्यांना वाटतं मूल शांत झालं.

करायचं ते एवढंच. थबका, मुलाकडे अपेक्षेने बघा आणि मनातल्या मनात पाच ते दहा आकडे मोजा. हे वाटतं त्यापेक्षा फार लांब असतं. बहुतेक मोठी माणसं दोन सेकंदांत “बोल, बोल ना, पा… पा…” सुरू करतात आणि मुलाला विचार जुळवायला मिळणारा वेळ खाऊन टाकतात. या काळात मुलाने सध्याच्या पायरीवरचं काहीही केलं तर वस्तू लगेच द्या आणि शब्द तुम्ही म्हणा. काहीच केलं नाही तर पुढची खूण स्वतः करून दाखवा आणि तरीही द्या. दिवसात पाचसहा वेळा, रोजच्या घडामोडींत: आंघोळीत पाणी ओतताना, मोजे घालताना, दिवा लावताना. वेगळा अभ्यासाचा तास काढायची गरज नाही.

तहान, भूक, शी-शू, दुखणं आणि झोप यांवर मात्र हा प्रयोग कधीच करायचा नाही. पाणी शब्दावर अडवून ठेवणं याला थेरपी म्हणत नाहीत. मूल आधीच चिडलेलं असेल तेव्हाही नाही. त्या अवस्थेत येणारा शब्दही येत नाही.

“आधी डोळ्यांत बघायला लावा”

हनुवटी धरून मान वळवली तर मूल डोळ्यांत बघतं खरं, पण माणूस जवळ आला की काहीतरी नकोसं होतं हेही शिकतं. नजरेला नजर देणं त्रासाचं वाटतं, त्या वेळी ऐकणंही अवघड जातं, असं अनेक स्वमग्न मोठ्या माणसांनी सांगितलेलं आहे. भाषेसाठी लागतं ते दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असणं. मूल चाक फिरवत असेल तर जमिनीवर त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बसा, तुम्हीही एक चाक फिरवा आणि “गोल गोल” म्हणा. आपलं लक्ष त्याच्या गोष्टीवर न्यायचं, त्याचं आपल्या डोळ्यांवर नाही.

“पोपटपंची बंद करा”

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं, म्हणजे एकोलालिया, निरर्थक नसतं. प्रिझंट आणि डकन यांनी १९८१ साली स्वमग्न मुलांची अशी वाक्यं तपासली तेव्हा त्यांतून आपली पाळी घेणं, होकार देणं, मागणं, स्वतःला बजावणं अशी कामं होताना दिसली. “तुला पाणी हवंय का?” असं म्हणणारं मूल बहुतेकदा पाणीच मागत असतं. त्याने ते वाक्य पाणी मिळताना ऐकलेलं असतं, आणि तेच त्याच्यासाठी ‘पाणी’ या अर्थाचं नाव झालेलं असतं. त्याला गप्प केलं तर त्याचं एकमेव चालणारं वाक्य आपण काढून घेतो.

त्याऐवजी आपलं बोलणं बदला, कारण प्रतिध्वनी आपलाच येणार आहे. मराठीत यासाठी दोनतीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. आपण देताना “घे” म्हणतो, मग मूल हवं असलं की “घे” म्हणतं. म्हणून देण्याच्या क्षणी त्याच्या वतीने “दे” म्हणा. प्रश्न विचारण्याऐवजी “पाणी हवं” असं सरळ म्हणा. आपल्या भाषेत त्याला ‘मी-तू’ लागतच नाही, त्यामुळे सर्वनामांची उलटापालट आपोआप टळते. आणि क्रियापदाचं लिंग! दिवसभर आईच्या तोंडून “मी जाते” ऐकणारा मुलगाही “जाते” म्हणतो. त्याच्या वतीने बोलताना “मी जातो” म्हणा. मागून दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे सोपं.

टीव्हीतलं किंवा जुनं एखादं वाक्य अचानक आलं तर ते पहिल्यांदा कुठे ऐकलं होतं ते आठवा आणि वहीत तीन रकाने करा: वाक्य, त्या वेळी काय चाललं होतं, पुढे काय झालं. आठवड्याभरात अर्थ दिसू लागतात. पडल्यावर ऐकलेलं वाक्य पुढे प्रत्येक दुखण्याला येऊ शकतं.

“पाच वर्षांनंतर आशा नाही”

२०१३ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात चौथ्या वर्षी भाषेत खूप मागे असलेल्या ५३५ स्वमग्न मुलांचा अभ्यास आला. त्यांची माहिती आठव्या वर्षी किंवा त्यानंतर घेतलेली होती. तोवर ७० टक्के मुलं दोनतीन शब्दांची वाक्यं बोलू लागली होती आणि ४७ टक्के सफाईने बोलत होती. उरलेल्या ३० टक्क्यांचं काय, हा प्रश्न खराच आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्या मुद्द्यातच आहे: त्यांना चित्रं, टॅब, खुणा लागतील, आणि त्या वेळेवर मिळायला हव्यात. बोलणं येतं का ते आधी पाहू आणि नाहीच आलं तर मग कार्डं देऊ, या वाट बघण्यात मुलाची काही सांगता न येणारी वर्षं जातात.

वाट न बघता दोन गोष्टी लगेच करायच्या असतात. एक, श्रवणाची पूर्ण तपासणी, मूल टीव्हीच्या आवाजाला वळत असलं तरीही, कारण काही विशिष्ट पट्टीतलेच आवाज ऐकू न येणं घरी कळत नाही. दुसरी, आलेले शब्द गेले असतील किंवा मूल मध्येच टक लावून थांबत असेल, झटके येत असतील, तर स्पीच थेरपीच्या रांगेत थांबण्याआधी बालरोगतज्ज्ञ किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञ. जाताना मोबाइलवर काढलेला अशा क्षणाचा एक मिनिटाचा व्हिडिओ सोबत न्या. तपासणीच्या खोलीत मूल तेच करून दाखवेल याची खात्री नसते.