बी.एड. झालं, पुढं काय?
ख्रिस्ती शाळांतल्या शिक्षकांना बी.एड.सोबत बायबलवर आधारलेलं ट्रेनिंगपण द्यावं असं एका लेखात म्हटलंय, पटलं, पण आधी टीईटीचं (शिक्षक पात्रता परीक्षेचं) बघा की राव. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं आमच्यासारख्या अल्पसंख्याक शाळा आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून, टीईटीची सक्ती त्यातूनच येते) बाहेर, म्हणून आम्ही निवांत होतो, आता २०२५ ला तो मुद्दा परत मोठ्या बेंचकडे गेलाय आणि स्टाफरूममध्ये रोज तेवढीच चर्चा. बी.एड.ला पियाजे, ब्लूम या शिक्षणतज्ज्ञांचं सगळं पाठ केलं हो, पण चुकलेल्या पोराला माफ करून परत उभं कसं करायचं ते मला संडेस्कूल घेतानाच कळलं (तेही गळक्या खोलीत, कोल्हापूरचा पाऊस माहितीये ना). आणि वर्गात निम्मी पोरं जोतिबाच्या यात्रेला जाणारी असतात, त्यांच्यावर आपला धर्म लादायचा नाही हेपण त्या बायबलच्या ट्रेनिंगमध्ये शिकवा.