डिलीट म्हणजे डिलीट!

फोनमधला नंबर मी डिलीट करते तेव्हा तो माझा निर्णय असतो. वर फोन विचारतोसुद्धा, "नक्की डिलीट करायचा?" मी "हो" म्हणते. एवढी विचारपूस झाल्यावर तोच नंबर त्याच नावाने दोन दिवसांत यादीत परत येऊन बसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या "हो"ला काही किंमतच नव्हती, तर विचारलंत कशाला?

वर्षानुवर्षं हेच चाललंय. सुट्टीचा अख्खा दिवस घालवून एकेक नाव बघत यादी साफ करायची. रात्री फोन चार्जिंगला लावला की तो आपलं आपण सिंक करतो, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच्या यादीशी आपली यादी जुळवून घेतो, आणि सकाळी ये रे माझ्या मागल्या. जुन्या ऑफिसमधली माणसं परत. कधीकाळी एकदाच लागलेला प्लंबर परत. केव्हाच बंद झालेले नंबर परत. आणि नुसते परत आले असते तरी एक वेळ चाललं असतं, हे दुपटीने येतात. पुसला होता एक, आले दोन.

एकाच माणसाच्या चार-पाच नोंदी. एक देशाच्या कोडसकट, एक पुढे शून्य लावून, एक नुसतीच. एक मेलवरून उचललेली, तिच्यात नंबरच नाही. एक मेसेजिंग ॲपने आणलेली, तिथे त्या माणसाने स्वतःच्या नावापुढे लावलेली फुलंबिलं सगळी जशीच्या तशी. एक सिमवरून आलेली, तिचं आडनाव अर्ध्यात तुटलेलं. यातला चालू नंबर कुठला हे कुठल्याच नोंदीवर लिहिलेलं नसतं. शेवटचा कॉल कधी लागला होता, कुठला नंबर बंद लागतोय, हे फोनला माहीत असतं. पण यादीत सगळे नंबर एकाच मानाने मांडून ठेवतो.

हे किरकोळ दुखणं आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी घरात कुणीतरी अत्यवस्थ असताना डॉक्टरांचा नंबर शोधून बघावा. समोर "डॉक्टर" म्हणून चार नोंदी. पहिला लावला तर बंद. दुसरा भलत्याच माणसाने उचलला, कारण सोडून दिलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. त्या अनोळखी माणसाची माफी मागायची, ठेवायचा, तिसरा लावायचा. हात थरथरत असताना. फोन हे यंत्र मुळात याच कामासाठी घेतलं होतं ना? फोटो, बँक, सिनेमे हे सगळं नंतर आलं. हव्या त्या माणसाला हव्या त्या क्षणी फोन लागणं हे त्याचं पहिलं काम, आणि त्याच कामात ही अनागोंदी.

"रीस्टार्ट करून बघा" हे उत्तर ऐकून कान किटले, म्हणून शेवटी हे प्रकरण आहे तरी काय ते मीच खणून काढलं. कळल्यावर राग दुप्पट झाला.

फोनमध्ये कॉन्टॅक्टची एक यादी नसतेच. अँड्रॉइडमध्ये २००९ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून प्रत्येक अकाउंटची कच्ची नोंद वेगळी असते: मेलच्या अकाउंटची एक, ऑफिसच्या अकाउंटची एक, मेसेजिंग ॲपची एक, फोनची स्वतःची एक. आपल्याला दिसतं ते या सगळ्यांना टाके घालून केलेलं एक नाव. वरून गोधडी एक दिसते, आत ठिगळं पाच. आपण "डिलीट" दाबतो ते त्या वरच्या एका नावावर. आत काय होतं? ज्या अकाउंटमध्ये खोडायची मुभा आहे तिथल्या नोंदीवर पुसल्याची खूण पडते, मग पुढचं सिंक ती बातमी सर्व्हरला कळवतं, आणि त्यानंतर नोंद खरोखर जाते. काही ॲपनी आपल्या नोंदी फक्त वाचण्यापुरत्या ठेवलेल्या असतात. त्या पुसल्या जातच नाहीत, नुसत्या लपवल्या जातात. माझ्या फोनवर तशी सूचना चक्क लिहून येते, की अशा अकाउंटमधली माहिती डिलीट होणार नाही, लपवली जाईल. बारीक अक्षरात, एकदा, बटण दाबायच्या घाईत. माझ्या फोनमधली, माझ्या ओळखीच्या माणसाची नोंद, आणि ती पुसायचा हक्क मला नाही, तो ॲपला!

ही दोन पायऱ्यांची पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. चार ठिकाणी एक यादी ठेवायची तर पुसल्याची बातमी चारही ठिकाणी पोचवावी लागते, हे मलाही समजतं. पण मग ती पोचवा! पोचली नाही तर सांगा! इथे काय होतं? कपाटात पडलेला जुना टॅब्लेट कधीतरी चार्ज होतो. त्याच्याकडे जुनी यादी असते. मधल्या काळात काय काय पुसलं गेलं याच्या खुणा सर्व्हरने तोवर टाकून दिलेल्या असतात. मग त्या टॅब्लेटकडचा पुसलेला नंबर सर्व्हरला नवाकोरा वाटतो आणि तो आनंदाने सगळीकडे पाठवून देतो. जुन्या बॅकअपमधून फोन भरला तरी तेच. मेसेजिंग ॲपचं तर विचारूच नका. दुसऱ्या कुठल्याही अकाउंटमध्ये तो नंबर सापडला की ॲप आपली नोंद पुन्हा तयार करतं. तुम्ही पुसा, ते करतं. तुम्ही पुसा, ते करतं.

आणि ही अडचण संगणकवाल्यांना माहीत नाही असंही नाही. कॅसँड्रा नावाचा एक डेटाबेस आहे, म्हणजे अनेक यंत्रांवर मिळून माहिती साठवणारी प्रणाली. त्यात कुणी मुद्दाम बदललं नाही तर पुसल्याची खूण १० दिवस जपली जाते, आणि तेवढ्या काळात सगळ्या यंत्रांना बातमी पोचली नाही तर पुसलेला डेटा पुन्हा जिवंत होईल, असा इशाराही दिलेला आहे. म्हणजे रोग माहीत, कारण माहीत, उपाय माहीत. बहुतेकांच्या यादीत हजार-दोन हजार नावं असतील. तेवढ्यांच्या पुसल्याच्या खुणा कायमच्या ठेवायला किती जागा लागते? एका फोटोला लागते त्याहून कमी. तरी ठेवायच्या नाहीत.

आता ते मर्जचं बटण. "डुप्लिकेट सापडले, एकत्र करायचे का?" पहिला आयफोन २००७ साली आला आणि त्याच्या कॉन्टॅक्टमध्ये डुप्लिकेट शोधून एकत्र करायची सोय आली ती २०२२ साली, आयफोनच्या आयओएस १६ या प्रणालीत. पंधरा वर्षं! दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का हे ओळखण्याचं शास्त्र काही काल-परवाचं नाही. हॅल्बर्ट डन यांनी माणसाच्या विखुरलेल्या नोंदी जोडण्याचा विचार १९४६ साली मांडला, आणि फेलेगी व सुंटर या संख्याशास्त्रज्ञांनी त्याचं गणित १९६९ साली बसवून दिलं. पहिला स्मार्टफोन यायच्या कितीतरी आधी. त्या गणिताचा गाभाच हा आहे की जुळतात असं नक्की, जुळत नाहीत असं नक्की, आणि मधले शंकास्पद माणसाने तपासायचे. माझ्या फोनवरचं बटण मात्र "सगळे एकत्र करा" एवढंच मोठ्या अक्षरात दाखवतं.

परिणाम काय होतो ते सांगते. नवरा-बायकोने घरच्या सोयीसाठी एका अकाउंटवर यादी ठेवली की तिथे दोन "आई" असतात, दोन "बाबा", दोन "दादा". फोन सुचवतो, या दोन आई एकच आहेत, करा मर्ज. अरे, एक माझी आई आहे आणि एक त्याची! दोघींचे नंबर वेगळे, पत्ते वेगळे, वाढदिवस वेगळे, आणि तुला नाव तेवढं सारखं दिसलं? उलट एकच मावशी, एकच नंबर, फक्त एका नोंदीत नाव देवनागरीत आणि एकीत रोमन लिपीत, तर ती दोन माणसं म्हणून तशीच राहते. नंबर अंकानअंक सारखा असून! जगभरच्या नंबरांसाठी ई.१६४ हे मानक आहे, देशाच्या कोडसकट जास्तीत जास्त १५ अंक. सगळे नंबर आधी त्या साच्यात बसवा आणि मग ताडून बघा, एवढं साधं काम. तेही धड नाही.

आपल्या लिपीचे हाल तर वेगळेच. "गोऱ्हे" हे आडनाव घ्या. त्यातला तो अर्धा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक संकेतात, दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकदा स्वतंत्र ऱ वापरून आणि एकदा साध्या र नंतर न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे, मशीनला दोन वेगळी आडनावं. त्यामुळे शोधायला गेलं की एक सापडतं, एक सापडत नाही. न सापडलेलं आपण पुन्हा सेव्ह करतो, झाला तिसरा डुप्लिकेट. मराठी कीबोर्ड द्यायचा, मराठीत नावं लिहा म्हणायचं, आणि ती ताडताना मराठीचा विचारच करायचा नाही. ही बेपर्वाई आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

यादी फाइलमध्ये काढून दुसरीकडे न्यायची म्हटलं तर व्हीकार्ड, कॉन्टॅक्टच्या फाइलचा ठरलेला साचा. त्याची २.१ आवृत्ती १९९६ सालची. त्या जुन्या आवृत्तीत काढलेली फाइल उघडून बघा, देवनागरी नावाच्या जागी बरोबरच्या (=) खुणा, रोमन अक्षरं आणि आकडे यांची लांबच लांब माळ दिसते, आणि घेणाऱ्या ॲपला ती उलगडता आली नाही तर तीच माळ माणसाचं नाव म्हणून सेव्ह होते. २०११ साली ४.० आवृत्ती आली. तिच्यातही प्रत्येक नोंदीला स्वतःची कायमची ओळखखूण देण्याची सोय आहे, सक्ती नाही. सक्ती का नाही? खूण नसली की तीच फाइल दुसऱ्यांदा घातल्यावर सगळी यादी दुप्पट होणारच. सिमचं तर बोलायलाच नको, तिथे नावाला जागाच तुटपुंजी, देवनागरीत लिहिलं तर बऱ्याचदा आणखी निम्मी.

हे सगळं एक वेळ सहन करेन. पण मला खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा.

माणूस नंबर पुसतो त्यामागे काही कारण असतं. कुणी गेलेलं असतं. महिनोन्महिने तो नंबर हलवायला हात धजत नाही, मग एक दिवस मन घट्ट करून तो पुसला जातो. आणि फोन तो परत आणतो, वर "यांना कॉल करायचाय?" म्हणून सुचवतो. त्या नंबरावर आता कुणी तिसराच माणूस आहे. एखादी मुलगी छळणाऱ्या माणसाचा नंबर पुसते. त्याचं नाव पुन्हा दिसू नये एवढीच तिची मागणी असते. ते नाव शेअर करायच्या यादीत पहिल्या ओळीत उगवतं, आणि घाईत चुकीच्या नावावर बोट पडलं तर फोटो थेट त्याच्याकडे. हे लिहिताना माझे दात-ओठ आवळले जातायत. कुणी ठरवलं की परत आलेला डेटा हा नेहमी वाचलेलाच डेटा असतो? चुकून पुसलं तर परत मिळावं, हे बरोबरच आहे. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये पुसलेली नोंद ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते, ती सोय उत्तम, कारण तिथून काढायची की नाही हे मी ठरवते. मी न मागता कुणी परत आणून ठेवणं ही वेगळी गोष्ट. त्याला सोय म्हणू नका.

उपाय म्हणून जे सांगितलं जातं ते मी सगळं केलंय, आणि ज्यांना अगदीच गरज आहे त्यांच्यासाठी सांगते. आधी पूर्ण यादी फाइलमध्ये काढून ठेवा. सगळ्या यंत्रांवरचं, जुन्या टॅब्लेटवरचंसुद्धा, कॉन्टॅक्ट सिंक बंद करा. ज्या ॲपना कॉन्टॅक्टची परवानगी दिलीय ती काढून घ्या. मग संगणकावर बसून एकाच अकाउंटमध्ये साफसफाई करा. नवीन नंबर सेव्ह करण्यासाठी तेच अकाउंट कायमचं निवडून ठेवा. मगच एकेका यंत्रावर सिंक चालू करा, आणि प्रत्येक वेळी यादी तपासा. याने बराच फरक पडतो. पण हे काम माझं का आहे? माझ्या आईने हे करावं अशी अपेक्षा आहे का कुणाची? तिला नंबर नीट दिसला आणि लागला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं आहे आणि ते शंभर टक्के बरोबर आहे.

मला नवं काहीही नको. हसणारे अवतार नकोत, नावांना रंग नकोत. मी डिलीट दाबलं की कुठल्या कुठल्या अकाउंटमधून नोंद गेली ते दाखवा. एखाद्या ॲपने नकार दिला तर त्या ॲपचं नाव सांगा. पुसलेला नंबर कुठलं जुनं यंत्र परत आणू बघत असेल तर आत घेण्याआधी मला विचारा, कुठून आला तेही सांगा. एवढं होत नाही तोवर "सिंक पूर्ण झालं" म्हणून ती हिरवी खूण दाखवू नका मला. काय पूर्ण झालं? मी पुसलेले सगळे नंबर अजून तिथेच आहेत!