‘अपंगांना विचारलं तर चमत्कारच मागतील’: हा मजकूर पुढे पाठवण्याआधी

विशेष शाळांच्या पालकगटांत सध्या एक मजकूर फिरतोय. अपंगत्वावर कोणतं संशोधन व्हावं हे अपंगांना आणि पालकांना विचारणं म्हणजे वेळ-पैशाची नासाडी, असं त्याचं म्हणणं. कारणं पाच दिलीत: लोक ‘बरं करून द्या’ एवढंच मागणार, मतिमंद किंवा न बोलणाऱ्या मुलाला विचारून काय मिळणार, उत्तरं माहीत असलेलेच प्रश्न येणार, आवाज मोठा त्याचंच चालणार, आणि आपल्या कायद्यात असं काही नाहीच. शेवटी ‘संशोधनाचे विषय विचारणारे असे फॉर्म भरू नका’ हा सल्ला. आता पालक विचारू लागलेत की हातातला फॉर्म भरायचा की नाही. भरा. का, ते सांगतो.

चमत्काराचा मुद्दा आधी घेऊ. इथे अंदाज बांधायची गरजच नाही, कारण लोकांना विचारून झालंय. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स २००४ पासून रुग्ण, काळजी घेणारे आणि उपचार करणारे यांना एका टेबलाशी बसवून संशोधनाचा प्राधान्यक्रम ठरवून घेते. त्याच पद्धतीने ब्रिटिश अकॅडमी ऑफ चाइल्डहुड डिसॅबिलिटीने सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम अशा मेंदू-मज्जासंस्थेशी निगडित अपंगत्व असलेल्या मुलांसाठी काम केलं. त्याचा शोधनिबंध २०१५ साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ३६९ जणांनी सूचना पाठवल्या होत्या, त्यातले ४० टक्के उपचार करणारे नव्हते. पहिला क्रमांक कशाला मिळाला? नेहमीच्या थेरपी कधी आणि किती प्रमाणात दिल्या तर उपयोग होतो, या प्रश्नाला. दुसरा, संवादाची साधनं आणि पद्धती कशा निवडायच्या आणि त्या वापरात कशा आणायच्या. तिसरा, सोबतच्या इतर मुलांचा अपंगत्वाकडे बघण्याचा दृष्टिकोन कसा सुधारायचा. पहिल्या दहांत पुढे झोप, लघवी-शौचावरचं नियंत्रण, मानसिक आरोग्य, हालचाल, शाळेत सामावून घेणं. यात चमत्कार कुठला?

पहिल्या प्रश्नाचं मोल ज्याने मुलाला कडेवर घेऊन एसटीने जिल्ह्याच्या गावी नेलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. आठवड्यातून एकदा पाऊण तास थेरपी केंद्रात, की रोज दहा मिनिटं घरी? पहिल्यात दर खेपेला एक दिवसाची मजुरी जाते. दुसऱ्यात आईला नीट शिकवावं लागतं, नाहीतर ताण चुकीच्या सांध्यावर येतो. दोन्हींत फरक किती पडतो हे मोजलंच नाही, तर सल्ला ‘जमेल तेवढं करा’ इथेच थांबतो. औषधाच्या गोळीवर डोस छापलेला असतो. थेरपीचा डोस कुणी मोजलाय का, हे पालक विचारतायत, आणि तो पूर्णपणे शास्त्रीय प्रश्न आहे.

संशोधकांवर सोडलं की काय होतं, तेही मोजलेलं आहे. २०१५ च्याच एका ब्रिटिश अभ्यासात लोकांसोबत ठरवलेल्या प्राधान्यांपैकी औषधं-लशींचा उल्लेख १८ टक्क्यांत होता. उपचारांच्या नोंदणी झालेल्या बिगरव्यावसायिक चाचण्यांत तो ३७ टक्के होता आणि व्यावसायिक, म्हणजे कंपन्यांच्या, चाचण्यांत ८६. लोक औषधांच्या मागे लागलेले नाहीत.

काही जण पूर्ण बरं होण्याचा उपाय मागतात, हे खरं. त्यात चूक काय? ती सूचना नोंदवली जाते आणि बाकीच्यांबरोबर क्रमात लागते.

आता तो मुद्दा, ज्याचा मला खरा संताप आहे: न बोलणाऱ्याला काय विचारायचं. विचारता येतं, फक्त पद्धत शिकावी लागते. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात तयार झालेलं ‘टॉकिंग मॅट्स’ हे त्यातलं एक साधन. चटईवर वरच्या बाजूला तीन खुणा असतात: आवडतं, ठीकठीक, नको. मूल एकेक चित्र उचलतं आणि योग्य खुणेखाली ठेवतं. झोप, शाळेची बस, बूट-कॅलिपर, शौचालय, डब्याची सुट्टी, अशी आठ-दहा चित्रं एका बैठकीला पुरेत. जास्त दिली की मूल थकतं आणि उरलेली सगळी एकाच रांगेत लावून मोकळं होतं.

हे फसतं ते बहुतेक मोठ्यांमुळे. बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती समोरच्याला खूश ठेवायला ‘हो’ म्हणते, हे जुनं निरीक्षण आहे. म्हणून ‘तुला थेरपी आवडते ना?’ असं विचारायचं नाही. दोन चित्रं पुढे ठेवून ‘यातलं कुठलं?’ विचारायचं, नंतर जागा बदलून पुन्हा विचारायचं. दोन्ही वेळा उजवीकडचंच उचललं, तर ते उत्तर धरायचं नाही. पालकांनी मुलाच्या मागे बसावं, समोर नको. मूल आईच्या डोळ्यांकडे बघून चित्र ठेवतं. उत्तरासाठी दहा-पंधरा सेकंद शांत थांबावं. हे थांबणंच आपल्याला जमत नाही, आणि मग आपण म्हणतो त्याला काही सांगता येत नाही.

इतरांच्या अडचणी वेगळ्या. स्कॅन करून टाकलेली पीडीएफ स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाही, तिथे अंध माणूस पहिल्या पानावरच बाद होतो. अनेक कर्णबधिरांसाठी लेखी मराठी ही दुसरी भाषा असते. त्यांना प्रश्न सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओतून द्यावा आणि उत्तरही व्हिडिओतच घ्यावं. बैठक लांबणार असेल तर दुभाषी दोन लागतात, दर वीस-तीस मिनिटांनी आलटूनपालटून. एकाच्याच हातांवर दोन तास काढले की अर्थ गळायला लागतो. हे न करता ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असं अहवालात लिहिणं हा अन्याय आहे.

उत्तर असलेलेच प्रश्न येतात? येतात. म्हणूनच प्रत्येक प्रश्न उपलब्ध पुराव्यांच्या आढाव्यांशी ताडून बघण्याची पायरी असते. उत्तर सापडलं तर प्रश्न यादीतून निघतो. उत्तर आहे पण घरापर्यंत पोचलेलं नाही, हेही त्यातून कळतं.

मोठ्या आवाजाचा मुद्दा मात्र अर्धा मान्य करावा लागतो. वरच्याच ब्रिटिश उपक्रमात मधल्या फेरीत ७६ जण होते: ३९ उपचार करणारे, २६ पालक, संस्थांचे १० प्रतिनिधी आणि स्वतः अपंगत्व असलेला तरुण फक्त एक. शेवटच्या कार्यशाळेतल्या २२ जणांत असे तरुण तीन होते. हे कमीच आहे, आणि निबंधात आकडे लपवलेले नाहीत. आपल्याकडे फक्त ऑनलाइन फॉर्म ठेवला तर शहरातल्या शिकलेल्या पालकांचंच म्हणणं पोचेल. पण त्यावर उपाय आहेत. प्रत्येक गटाचा क्रम वेगळा मोजायचा आणि मग एकत्र करायचा, म्हणजे संख्येने मोठा गट बाकीच्यांना गिळत नाही. फोनवर आणि शाळेत प्रत्यक्ष बसून उत्तरं घ्यायची. सोबत येणाऱ्या मदतनिसाचं भाडंही द्यायचं.

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम ६(२) वाचा. अपंग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त संमती लागते, आणि शासनाने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगीही. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः अपंग किंवा अपंगांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांचे असले पाहिजेत. हे कलम परवानगीबद्दल आहे, विषय निवडण्याबद्दल नाही, एवढं मजकूर लिहिणाऱ्याला देतो. पण भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं कलम ४(३) अपंगांशी संबंधित निर्णयांत त्यांच्याशी, मुलांशीसुद्धा, सल्लामसलत करायला सांगतं.

फॉर्म भरताना तीन गोष्टी बघा: उपक्रम चालवणाऱ्या सुकाणू समितीत अपंग व्यक्ती आणि पालक आहेत का, निकाल परत कळवणार का, आणि लिहिता न येणाऱ्यांसाठी दुसरी सोय आहे का. उत्तरात ‘थेरपी वाढवा’ एवढंच लिहू नका. ‘मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, महिन्यातून दोनदाच केंद्रात नेता येतं, घरी रोज काय आणि किती वेळ केलं तर मांडीचे स्नायू आखडणार नाहीत?’ असं लिहा. वय, निदान, अडचण आणि काय बदलायला हवं, हे चार तपशील असले की त्याचा संशोधनाचा प्रश्न करता येतो.