बंदीआधी उतार वाचा

पावसाळा लागला की रायगड, पुणे, नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात: अमुक धबधबा बंद, तमुक गड बंद. लगेच दोन तट पडतात. एकाला जीव वाचवायचे असतात, दुसऱ्याला डोंगरावरचा हक्क. म्युनिकमधून हा वाद वाचताना मला याच शहराच्या पालिकेतला सिव्हिल इंजिनियर विल्हेल्म वेल्त्सेनबाख आठवतो.

गिर्यारोहण ही त्याची हौस. १९२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या वीसबाखहॉर्नच्या वायव्य हिमकड्यावर तो आणि फ्रिट्झ रिगेले बर्फात पिटॉन, म्हणजे दोर अडकवायचे लोखंडी खिळे, ठोकत चढले. १९२६ मध्ये त्याने प्रस्तरारोहणाची सहा पायऱ्यांची काठिण्यश्रेणी मांडली. मला मात्र त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध सर्वांत मोलाचा वाटतो: बर्फाचे थर कसे साचतात, कसे सरकतात, बांधकामाने कसे अडवावेत. खेळाडू जिथे धाडस बघतो, तिथे तो भार आणि घर्षण बघत होता.

आल्प्समध्ये आजही तसंच बघतात. उतार ३० अंशांहून तीव्र असेल तर हिमस्खलनाचा, म्हणजे बर्फाचा थर घसरण्याचा, धोका धरतात. तिथे थरांची परीक्षा घेता येते. फावड्याने खड्डा खणायचा, उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि चढाच्या दिशेने ३० सेंटिमीटर आत जाणारा बर्फाचा स्तंभ मोकळा करायचा, एका टोकाला फावडं ठेवून थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तडा स्तंभभर आडवा धावला तर माघारी फिरायचं. नवखे चुकतात ते खड्ड्याची जागा निवडताना. सावलीतल्या उतारावर जायचं आणि खड्डा उन्हातल्या उतारावर खणायचा, याला काही अर्थ नाही.

काठिण्य वेगळं, धोका वेगळा. १९३४ मध्ये हिमालयातल्या नंगा पर्बतवरची वाट वेल्त्सेनबाखने आल्प्समध्ये सर केलेल्या उत्तर कड्यांहून तांत्रिकदृष्ट्या सोपीच होती. जुलैच्या वादळात, मधल्या तळांवर पुरेशी रसद नसताना, तीन जर्मन आणि सहा शेर्पा गेले. सातव्या तळावरून मदतीची चिठ्ठी पाठवणारा वेल्त्सेनबाख त्यांतला एक. आपल्याकडे ट्रेकला ‘सोपा, मध्यम, कठीण’ असं एकच लेबल लावतात. त्यातून वाट किती अवघड ते कळतं, आज तिथे जावं की नाही हे कळत नाही.

म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरिया राज्याच्या घटनेत, कलम १४१ मध्ये, निसर्गात फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. त्याच राज्यात हिवाळाभर धोक्याच्या पाच पायऱ्यांचं हिमस्खलन-पत्रक निघतं, उंची आणि दिशेनुसार. रस्ता किंवा स्कीचा उतार बंद करायचा तर स्थानिक हिमस्खलन समिती सल्ला देते. तिच्यात तिथलेच जाणकार असतात.

सह्याद्रीत बर्फ नाही, पण कातळावर मुरमाचा आणि मातीचा थर आहे. त्यात पाणी मुरलं की दाब वाढतो, पकड सुटते. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, तेव्हा तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणून मला वर्षाकाठी एक यादी पुरेशी वाटत नाही. घाटांसाठी रोजचं पत्रक हवं: २४ आणि ७२ तासांचा पाऊस, उताराची दिशा, माथ्यावरच्या भेगा, अचानक गढूळ झालेले झरे, कललेली झाडं. भेगा आणि झरे वाडीतल्या माणसांना आधी दिसतात. त्यांना तालुक्याच्या समितीत मानधनावर घ्यावं, आणि वाट बंद करण्याची शिफारस त्यांच्या सहीने व्हावी.